तोलेदोला गेले त्या शनिवारी

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी अजमानला जावं लागलं. मीटिंग अर्ध्या तासातच आटोपली. दुबईचा रस्ता उजवीकडे होता आणि मी गाडी डावीकडे वळवली. का वळवली, ते मला वळल्यावर कळलं.

नुऐमिया भागातल्या त्या गल्लीत सात वर्षांनी येत होते. इमारत जागेवर होती. सात मजले, मुळात पिवळा असलेला आणि वाळूच्या वाऱ्यांनी आता कुठलाच न उरलेला रंग, बाल्कन्यांमध्ये वाळत घातलेले कपडे, डिशच्या छत्र्या. खालचा बकाला, म्हणजे आमचं वाण्याचं दुकान, गेला होता. तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती. शेजारची लॉन्ड्री मात्र होती. मी काच खाली केली आणि तो वास आत आला. गरम इस्त्री, ओलं सुती कापड, स्टार्च. काच परत वर करायचं मला बराच वेळ सुचलं नाही.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो. आई, बाबा आणि मी. मी दोन वर्षांची असताना तिथे आलो. आई शारजाच्या एका शाळेत गणित शिकवायची. बाबा मुसफ्फ्याला होते, अबुधाबीजवळच्या कारखान्यांच्या वस्तीत. एका फॅब्रिकेशन कंपनीत वेल्डिंगची तपासणी करायचे. रोज जाऊन-येऊन करण्यासारखं अंतर नव्हतं, म्हणून आठवडाभर तिकडेच कंपनीच्या खोलीत राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे. तेव्हा शुक्रवार-शनिवार सुट्टी असे. त्यामुळे माझ्या लहानपणाचा आठवडा गुरुवारी सुरू होतो. बाकीचे दिवस शाळेचे आणि डब्याचे. त्यांतलं फारसं काही आठवत नाही.

गुरुवारी लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबल्याचा आवाज मला अभ्यासाच्या टेबलापर्यंत ऐकू यायचा. बाबांच्या शर्टाला जळक्या लोखंडाचा वास असे. आई दारातच म्हणायची, "आधी अंघोळ." मग ते डोक्याला खोबरेल चोपडून, हॉलमधल्या दिवाणावर भिंतीला डोकं टेकून बसायचे आणि मला विचारायचे, "हं, काय चाललंय दुनियेत?" मी आठवडाभराचं सांगायला लागायची. ऐकता ऐकता त्यांचे डोळे मिटायचे, पण मी थांबले की म्हणायचे, "मग? पुढे?"

शुक्रवारी सकाळी बर दुबई, म्हणजे दुबईचा जुना भाग. देवळाच्या गल्लीत चपलांचा ढीग, मोगऱ्याचे गजरे, कापूर, आणि चार पावलांवरच्या अत्तराच्या दुकानातून येणारा ऊद. हे सगळे वास एकमेकांत इतके मिसळलेले असत, की पुण्यातल्या देवळात गेल्यावर मला काहीतरी कमी आहे असं वाटायचं. मग मीना बाजार. आई एखादं कापड हातात घ्यायची, भाव ऐकायची, दिरहमचे मोठ्याने रुपये करायची आणि कापड खाली ठेवायची. दुकानदार सिंधी होते, आईला ओळखायचे. "बहनजी, इंडिया का हिसाब इंडिया में," असं म्हणून हसायचे. शेवटी अब्रा, म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. पाणी डिझेलचं आणि खारट वासाचं. होडी हलायला लागली, की बाबा माझा हात घट्ट धरायचे आणि समोर भलतीकडेच बघत राहायचे. त्यांना पाण्याची भीती वाटते हे मला मोठेपणी कळलं.

उन्हाळाभर एसीची घरघर चालू असे. नोव्हेंबरात एक दिवस आई तो बंद करायची आणि घर एकदम गप्प व्हायचं. मग हळूहळू इमारत ऐकू यायला लागायची. वरच्यांचा मिक्सर, शेजारच्या मल्याळी काकूंचं फोनवरचं बोलणं, दोन मशिदींच्या अजाना, एक दुसरीच्या किंचित मागे. त्या दिवशी आम्ही खिडक्या उघडायचो आणि संध्याकाळी स्टीलच्या डब्यात भेळ घेऊन समुद्रावर जायचो. आमचा हिवाळा असा सुरू होई.

गणपती दीड दिवसाचा. आरतीच्या वेळी बाबा दार लावून घ्यायचे आणि आई टाळ्या अर्ध्याच वाजवायची, कोणाला त्रास नको म्हणून. विसर्जन बाल्कनीत, निळ्या बादलीत. मूर्ती विरघळायला रात्र लागायची. सकाळी मी शाळेत जायच्या आधी बादलीत डोकावायची, तर पाणी गढूळ आणि तळाशी मऊ माती. ती माती आई तुळशीला घालायची.

शाळेत अरबी सक्तीचं. शिकवायला इजिप्तच्या बाई होत्या, त्यांना आम्ही अब्ला म्हणायचो. त्या फळ्यावर अक्षरं काढत तेव्हा खडूचा आवाज वेगळा यायचा, उजवीकडून डावीकडे. आम्ही पोरी परीक्षेपुरतं पाठ करायचो. नववीपर्यंत मला बाहेरची प्रत्येक पाटी वाचता येत होती आणि दहांतल्या दोनच शब्दांचा अर्थ लागत होता.

*

मी दुबईच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना एक सेमेस्टर माद्रिदला जायची संधी आली. आई आठवडाभर नाही म्हणाली. बाबा गुरुवारी आले, अंघोळ केली, दिवाणावर बसले आणि म्हणाले, "जाऊ दे तिला. मी मुसफ्फ्याच्या पुढे काय बघितलं? ती बघेल आणि मला सांगेल."

जानेवारीत गेले. मे महिन्यात, परीक्षेच्या तीन आठवडे आधी, आमच्या वास्तुकलेच्या इतिहासाच्या वर्गाची तोलेदोला एक दिवसाची सहल होती. वीस विद्यार्थी आणि प्राध्यापिका पिलारबाई. साठीच्या, आखूड पांढरे केस, हातात लाल छत्री. ती उन्हासाठी नव्हती, आम्हाला गर्दीत दिसावी म्हणून होती. त्यांचा एक नियम होता: सहलीत फोन खिशात.

माद्रिदहून बसने तास-सव्वा तास. तोलेदो एका खडकावर बसलेलं आहे आणि नदीने त्याला तीन बाजूंनी वळसा घातला आहे. खालून बघितलं तर दगड कुठे संपतो आणि घरं कुठे सुरू होतात ते कळत नाही. आम्ही पूल ओलांडला. पिलारबाई म्हणाल्या, "पुलाचं नाव अलकांतरा. अरबीत याचा अर्थ पूलच. म्हणजे आपण शतकानुशतकं याला पूल-पूल म्हणतोय." वरच्या चौकाचं नाव सोकोदोबेर. त्यातला पहिला तुकडा कानावर पडताच मी मनात म्हटलं, हा तर आपला सूक, बाजार. मुलं नियम विसरून फोटो काढत होती. मला मात्र कोणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं आणि ते सांगावं असं तिथे कोणी नव्हतं.

मग आम्ही जुन्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गेलो. आत पांढरेशुभ्र खांब, घोड्याच्या नालासारख्या कमानी, आणि बाकी काहीच नाही. ज्यांनी ते बांधलं त्यांना पुढे देश सोडून जावं लागलं. पिलारबाईंनी ते दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाल्या, "रिकाम्या इमारतीत शिरलात की तीन गोष्टी विचारा. लोक कुठे बसत? काय झिजलंय? आणि उजेड कुठून येतो? राजांची नावं पुस्तकात मिळतील."

मी हे वहीत लिहून घेतलं. बाहेर आलो तेव्हा खिशातला फोन थरथरत होता. आईचा व्हिडिओ कॉल. अमिरातीतून साधे व्हिडिओ कॉल लागत नसत, त्यासाठी वेगळं अ‍ॅप लागे आणि ते दर दोन मिनिटांनी अडके. म्हणून आई आधी विचारल्याशिवाय कधी लावत नसे. मी मागे राहिले आणि फोन उचलला.

आईने केसांना ओढणी बांधली होती. घाईत होती. "अगं, तुझ्या कपाटाची किल्ली कुठे आहे? सापडत नाहीये."

"पेन स्टँडमध्ये. कशाला हवीये?"

"काही नाही, आवरतेय जरा."

तिच्या मागे खिडकी दिसत होती. नुसती काच. "आई, पडदे कुठे गेले?"

"धुवायला काढलेत."

"आणि पडद्यांचा रॉड? तोही धुवायला?"

आई गप्प झाली. चित्र अडकलंय असं मला वाटलं, पण पंख्याचं पातं फिरताना दिसत होतं. मग मागून बाबांचा आवाज आला, "सांगून टाक आता." आणि फोन त्यांच्या हातात आला.

"हे बघ," बाबा म्हणाले, "आम्ही पुण्याला चाललोय. मंगळवारचं फ्लाइट आहे. कंपनीतलं माझं काम संपलं. आज घर रिकामं करतोय."

"कधी ठरलं हे?"

"झाले दोन महिने."

"दोन महिने?"

"तुझी परीक्षा होती पुढ्यात. आई म्हणाली, झाली की सांगू. तुझ्या व्हिसाचं कॉलेजशी बोललोय मी, ते बघतील. हॉस्टेलचंही झालंय."

मी चिडले की इंग्रजीत बोलते. माझ्यासारखी आखातात वाढलेली सगळी मुलं तसंच करतात. "यू शुड हॅव टोल्ड मी, बाबा. इट्स माय हाऊस टू."

"आहेच की," ते शांतपणे म्हणाले. "म्हणूनच सांगतोय. तुझ्या खोलीतलं काय ठेवायचं आणि काय नाही, ते तूच सांग."

मग तासभर मी तोलेदोच्या गल्ल्यांतून फोन समोर धरून चालत राहिले. समोरून माणूस आला तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागेल अशा त्या गल्ल्या. आई एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरत होती. "हे?" "ठेव." "हे?" "नको." कार्गोची चार खोकी होती, त्यांत बसेल तेवढंच जाणार. स्टीलचे डबे जाणार होते, मिक्सर जाणार होता. माझी सायकल तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला दिली होती. कपाटाच्या वर थर्माकोलचं मखर होतं, बाबांनी आणि मी एका सुट्टीत कापलेलं, एक खांब कायमचा वाकडा. आईने ते दोन्ही हातांनी वर धरलं. "हे कसं न्यायचं गं?" तिने विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता बाजूला ठेवलं.

मग तिने वह्यांचा गठ्ठा उचलला. "अरबीच्या वह्या. पहिलीपासूनच्या आहेत."

"टाक," मी म्हटलं. मला राग आला होता आणि कशावर तरी तो काढायचा होता. तिने लगेच काळ्या पिशवीत टाकल्या. पिशवीचा आवाजही ऐकू आला.

फोन अडकला आणि बंद पडला. मी मान वर केली तर लाल छत्री कुठेच नव्हती. मी एका लहानशा विटांच्या इमारतीसमोर उभी होते. एके काळची मशीद. छपराखाली, विटाच पुढेमागे बसवून, अक्षरांची एक ओळ काढलेली होती. कोनाकोनांची, जुन्या वळणाची अक्षरं. मी उजवीकडून सुरुवात केली आणि पहिला शब्द लागला. बिस्मिल्ला. पुढचं लागेना. मध्येच एक अलिफ ओळखू यायचा, एक लाम, एक मीम, आणि पुन्हा सगळं विटांत मिसळून जायचं. हजारेक वर्षांपूर्वी कोणीतरी काहीतरी सांगून ठेवलं होतं आणि मला त्यातली नुसती अक्षरं ओळखता येत होती, पाठ केल्यासारखी. वह्या कचऱ्यात जाऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. मी समोरच्या पायरीवर बसले आणि रडले. मोठ्याने नाही. पण नाक पुसायला रुमाल नव्हता, त्यामुळे लपवताही आलं नाही.

पिलारबाईंनी मला तिथे गाठलं तेव्हा त्या रागातच होत्या. "मी तीन वेळा मोजलं आणि तीन वेळा एकोणीसच भरले," त्या म्हणाल्या. मग माझं तोंड पाहिलं आणि छत्री मिटली. "काय झालं?"

"माझं घर रिकामं करतायत. आत्ता. मी इथे आहे आणि ते घर रिकामं करतायत."

त्या माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. बाकीची मुलं जेवायला गेली होती. त्यांनी पिशवीतून मार्झिपानचा पुडा काढला आणि एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. बदाम आणि साखर. जिभेला अगदी बदामाच्या वडीसारखं लागलं. मी खात असताना फोन परत वाजला. बाबा होते. माझ्या शेजारी परक्या बाई बघून ते सरळ उभे राहिले आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"गुड आफ्टरनून, मॅडम."

"गुड आफ्टरनून," पिलारबाई म्हणाल्या. "मी हिची शिक्षिका. आज मी हिला एक जुनं शहर दाखवणार होते, पण हिचं लक्ष नाही. तुम्ही मला तुमचं घर दाखवाल का?"

बाबांना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. "मॅडम, हाऊस इज एम्प्टी."

"मला रिकाम्याच इमारती बघायची सवय आहे."

बाबांनी आईकडे पाहिलं असावं. मग फोन फिरला आणि ते चालायला लागले. साइटवर पाहुण्यांना हिंडवताना बोलत असतील तशा इंग्रजीत त्यांनी सुरुवात केली. "मॅडम, धिस इज हॉल. साइझ फाइव्ह बाय फोर मीटर. धिस इज किचन." भांडी नसलेलं स्वयंपाकघर मला ओळखूच आलं नाही. हुकांच्या जागी चार भोकं होती.

"इथे लोक कुठे बसायचे?" पिलारबाईंनी विचारलं.

बाबा थांबले. "मी इथे," ते म्हणाले आणि दिवाण होता त्या भिंतीकडे कॅमेरा नेला. भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, ताटलीएवढा एक काळपट, तेलकट डाग होता. आईचा आवाज आला, "सकाळपासून घासतेय, जातच नाही तो." मी ते इंग्रजीत सांगितलं.

"प्लीज, तो राहू द्या," पिलारबाई म्हणाल्या. "असा एक डाग मिळावा म्हणून माझ्या व्यवसायातली माणसं आयुष्यभर उकरत बसतात."

बाबा हसले. आई हसली नाही, पण तिने हातातलं फडकं खाली ठेवलं; ते मला दिसलं. मग ती स्वतःच पुढे झाली आणि स्वयंपाकघराच्या दाराची चौकट दाखवली. कमरेच्या उंचीला तिथला रंग गेला होता. "फोडणी झाली की मी इथे टेकून उभी राहायचे," ती मराठीत म्हणाली. "तिकडून ही दिसायची, अभ्यास करताना." मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मला जमेना. पिलारबाईंनी नुसता हात वर केला, राहू दे म्हणून. त्यांना कळलं होतं.

"आणि उजेड?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "तुमच्या खिडकीला सूर्य दिसत नाही. मग उजेड कुठून येतो?"

बाबांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, वन मिनिट. नाही, फाइव्ह मिनिट्स. थांबाल का?"

ते हॉलच्या मध्यभागी जमिनीवर बसले. आई त्यांच्याशेजारी बसली. आम्ही दोघी पायरीवर. तोलेदोत दोन वाजत होते, अजमानला चार. वरच्या कुठल्याशा घरातून भांड्यांचा आवाज येत होता. तो इथला की तिथला ते मला क्षणभर कळलं नाही. आणि मग समोरच्या बँकेच्या काचेच्या इमारतीवरून ऊन उलटलं आणि आमच्या मोकळ्या भिंतीवर आलं. आधी एक पट्टी, मग खिडकीएवढा चौकोन. पिवळा, किंचित हलणारा. पडदे नसल्यामुळे तो पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला.

मला तो उजेड माहीत होता. शाळेतून आल्यावर मी त्याच्यात बसून दूध प्यायची. आईलाही माहीत होता.

"एव्हरी डे कम्स," बाबा म्हणाले. "ट्वेंटी मिनिट्स. मॅडम, अठरा वर्षं मी या घरात राहिलो, पण मला माहीत नव्हतं. वीक-डेजला मी नसायचो, आणि सुट्टीच्या दिवशी या वेळेला आम्ही बाहेर असायचो. गेला महिनाभर घरी बसून आहे ना, तेव्हा कळलं." मग मराठीत, माझ्याकडे बघून, "रोज चार वाजता बघायचो. तुला सांगणार होतो."

पिलारबाईंना शेवटचं वाक्य कळलं नाही. त्यांनी मला विचारलंही नाही. वीस मिनिटं आम्ही तो चौकोन बघितला. तो हळूहळू वर सरकला, छताला लागला आणि गेला. बाबा उठले, गुडघे झटकले. "खलास. थँक यू, मॅडम," ते म्हणाले. "आता किल्ली द्यायला जायचं आहे." त्यांनी फोन ठेवला.

तोवर मुलं परत आली होती. पिलारबाई छत्री उघडून उभ्या राहिल्या, पुन्हा पहिल्यासारख्या कडक. आम्ही सगळे कॅथीड्रलकडे निघालो. दारापर्यंत गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "तू बाहेर बस हवं तर. हे आठशे वर्षांपासून इथे आहे, कुठे जात नाही." मी बाहेर बसले. तोलेदोचं कॅथीड्रल मी अजून पाहिलेलं नाही.

माद्रिदला पोचल्यावर आईचा मेसेज आला. "जेवलीस का?"

*

ते मंगळवारी गेले. जुलैत मी दुबईला उतरले तेव्हा विमानतळावर घ्यायला कोणी नव्हतं. टॅक्सीवाल्याने विचारलं, "किधर?" मी सवयीने म्हटलं, "अजमान." गाडी हायवेला लागल्यावर चूक लक्षात आली, तेव्हा त्याला हॉस्टेलचा पत्ता दिला. तो पठाण होता. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "कोई बात नहीं, बेटी, हो जाता है."

पुढे डिग्री झाली, नोकरी लागली, स्वतःचा व्हिसा झाला. आई-बाबा सिंहगड रोडला राहतात. आई घरी शिकवण्या घेते. बाबा रिक्षावाल्याला हबीबी, म्हणजे दोस्ता, म्हणतात आणि मग ओशाळतात. गुरुवारी संध्याकाळी ते उगाचच खुशीत असतात, असं आई सांगते. का, ते तिनेही कधी विचारलं नाही. पहिलं वर्ष मी त्यांच्यावर रागावलेली होते. फोनवर नीट बोलायची, पण रागावलेली होते. मग तो राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही. एक दिवस बाबांनी विचारलं, "हं, काय चाललंय दुनियेत?" आणि मी सांगायला लागले, तर अर्धा तास झाला होता.

पिलारबाईंचा आणि माझा पुढे काही संपर्क राहिला नाही. त्या तेव्हाच निवृत्तीला आल्या होत्या, आणि मी मेल लिहायला आळशी.

लॉन्ड्रीतल्या माणसाने दोनदा बाहेर येऊन माझ्या गाडीकडे पाहिलं. मी इंजिन बंद केलं आणि उतरले. वॉचमन नवा होता. "किसके पास जाना है, मैडम?" मी म्हटलं, "चार सौ दो." त्याने लिफ्टकडे बोट केलं.

लिफ्टमध्ये मी मनात वाक्य जुळवत होते. अब्लांनी शिकवलेल्या व्याकरणात, भूतकाळी क्रियापद लावून. चारशे दोनच्या दाराबाहेर चपलांचा रॅक होता, पाच-सहा जोड. बेल बदललेली होती. दार एका सुदानी बाईंनी उघडलं. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, अंगावर लांबलचक रंगीत वस्त्र गुंडाळलेलं, हातात झारा. आतून कांदा तळल्याचा वास येत होता.

"मी इथे राहायचे," मी अरबीत म्हटलं. "पूर्वी. लहान होते तेव्हा. आई आणि बाबांबरोबर." ‘लहान’ हा शब्द पुल्लिंगी गेला, ते माझं मलाच ऐकू आलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आत कढईत काहीतरी जोरात चरचरलं.

"तफद्दली, तफद्दली," त्या म्हणाल्या, म्हणजे ये, आत ये. आणि मी काही बोलायच्या आत पाठ फिरवून लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या. मी उंबऱ्यावरच उभी होते. आतून त्यांचा आवाज आला. घरातल्या माणसाला सांगावं तसा, थोडासा वैतागलेला, आणि यावेळी मला शब्दन् शब्द कळला.

"दार लाव गं, एसी चालू आहे."

मी चपला काढल्या, आत गेले आणि दार लावून घेतलं.